थेंबांची परीक्षा घेणारा उंदीर

आकाशवाणीवर मला बोलावणं येतं ते बहुधा कवितेसाठी. ईदच्या आगेमागे, नाहीतर एखाद्या कविसंमेलनाच्या निमित्ताने. या वेळी ते विज्ञानाच्या मालिकेसाठी आलं, तेव्हा मी फोनवर पुन्हा विचारून घेतलं. मी बी.ए. झालेला, तोही मराठी घेऊन. प्रयोगशाळेशी माझं नातं दहावीच्या लिटमस कागदापाशी संपलेलं. पण ‘तुम्हाला छळणारा एखादा प्रश्न घ्या’ असं तिकडून सांगण्यात आलं, आणि तसा एक प्रश्न माझ्याजवळ बरीच वर्षं पडून होता. तो मुळात माझा नव्हता, आमच्या मोहल्ल्यातल्या एका खालांचा होता.

२००० नंतरच्या काही वर्षांत मी पल्स पोलिओच्या बूथवर बसायचो. ते दिवस अफवांचे होते. या थेंबांनी पोरं पुढं निपुत्रिक होतात, असं कुणी कुठून तरी ऐकून यायचं आणि घरोघर फिरणाऱ्या बायकांना दारातूनच परत पाठवलं जायचं. मशिदीतून आवाहन झालं, शाळेच्या मास्तरांनी समजावलं, तेव्हा हळूहळू दारं उघडली. या खाला मात्र अफवेवाल्या नव्हत्या. नातवाला कडेवर घेऊन आल्या आणि त्यांनी सरळ विचारलं, ‘‘बेटा, ये दवा पैले किसपे आजमाई?’’ मी म्हणालो, मोठमोठ्या डॉक्टरांनी तपासलेली आहे. त्यावर त्या हसल्या. ‘‘तपासी वो ठीक है. डॉक्टर पे आजमाई क्या?’’ एवढं बोलून त्यांनी नातवाचे गाल दाबून त्याचं तोंड उघडलंही.

प्रश्न गमतीचा वाटतो, पण त्याला खरं उत्तर आहे. डॉक्टरांवरही आजमावली होती. जोनास साल्क यांनी आपली लस १९५३ साली स्वतःला, बायकोला आणि तिन्ही मुलांना टोचून घेतली. तोंडाने द्यायची लस बनवणारे आल्बर्ट सेबिन यांनी ती स्वतः घेतली, आपल्या मुलींनाही दिली. पण डॉक्टरच्या घरचे चार जण ठणठणीत राहिले म्हणून पुढं कारखान्यातून निघणारी प्रत्येक बॅच चांगली असेलच असं नाही. प्रत्येक बॅचची निराळी परीक्षा घ्यावी लागते. कित्येक वर्षं ती माकडांवर घेतली जात होती. गेल्या पंचवीसेक वर्षांत त्यातला बराच भाग एका उंदराकडे आला. हा उंदीर साधा नाही. त्याच्या अंगात माणसाचं एक जनुक बसवलेलं आहे. आज मला त्याच्याविषयीच बोलायचं आहे.

आधी एक खुलासा. मराठीत ‘उंदीर’ म्हटलं की घरातल्या चिंटुकल्यापासून धान्याच्या कोठारातल्या दांडग्यापर्यंत सगळे त्यात येतात. प्रयोगशाळेत हे दोन वेगळे प्राणी मानतात. आपला हा उंदीर चिंटुकल्यांपैकी, मुठीत मावणारा, पंचवीस-तीस ग्रॅम वजनाचा.

पोलिओचा विषाणू हा माणसाचाच. गाय, कुत्रा, मांजर, कोंबडी, कुणाच्याही वाटेला तो आपणहून जात नाही. त्यामुळेच जगातून त्याचं उच्चाटन करण्याचं स्वप्न पाहता आलं, कारण त्याला लपायला दुसरं जनावर नाही. पण हाच गुण संशोधकांना सुरुवातीला भारी पडला. जो रोग जनावराला होत नाही, त्याचा अभ्यास करायचा कसा? १९०८ साली व्हिएन्नात कार्ल लँडस्टायनर आणि एर्विन पॉपर यांनी पोलिओने दगावलेल्या एका मुलाच्या मज्जारज्जूचा अर्क अनेक प्राण्यांना टोचून पाहिला. बाकी कुणाला काही झालं नाही. दोन माकडं तेवढी आजारी पडली. त्या दिवसापासून पोलिओचं संशोधन आणि माकड यांची गाठ पडली ती पुढं जवळजवळ शतकभर सुटली नाही.

त्या गाठीचं एक टोक आपल्या देशात होतं. हे मला ठाऊक नव्हतं, आणि वाचलं त्या रात्री झोप लागायला वेळ लागला. साल्क आणि सेबिन यांच्या लशींसाठी लागणारी माकडं मुख्यतः उत्तर भारतात पकडलेली रीसस जातीची, लाल तोंडाची माकडं होती. त्यांच्या मूत्रपिंडाच्या पेशींवर विषाणू वाढवायचा आणि तयार झालेली लस पुन्हा माकडांवरच तपासायची. १९५०च्या दशकाच्या अखेरीस वर्षाकाठी लाखाहून अधिक माकडं विमानांतून परदेशी जात होती. १९५५च्या सुरुवातीला लंडनच्या विमानतळावर वाहतुकीतच शेकडो माकडं गुदमरून मेली. भारतात संताप झाला, सरकारने काही काळ निर्यात थांबवली, मग अटी घालून पुन्हा सुरू केली. अट अशी की, माकडं वैद्यकीय कामालाच वापरायची. पुढं ती लष्करी संशोधनात, किरणोत्सर्गाच्या प्रयोगांत वापरली गेल्याच्या बातम्या आल्या आणि मोरारजी देसाईंच्या सरकारने १९७७ साली निर्णय घेऊन १९७८पासून ही निर्यात कायमची बंद केली.

माकडांचं दुःख खरं आहे. पण ती परीक्षा नकोच होती असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. याला कारण १९५५ सालीच अमेरिकेत घडलेला प्रकार. साल्क यांच्या लशीत विषाणू मारून टाकलेला असतो. एप्रिल महिन्यात तिला परवानगी मिळाली, सगळ्या देशात आनंदीआनंद झाला. पण कटर नावाच्या कंपनीच्या काही बॅचेसमध्ये विषाणू पुरता मेलेला नव्हता. लस घेतलेली मुलं आणि त्यांच्या सहवासातली माणसं मिळून दोनशेच्या आसपास लोकांना लुळेपणा आला, दहा दगावले. आता खरी बोचणारी गोष्ट ऐका. सरकारी संशोधन संस्थेत लस तपासण्याचं काम करणाऱ्या बर्निस एडी या बाईंनी त्याआधीच त्या कंपनीचे नमुने माकडांना टोचले होते आणि माकडं लुळी पडली होती. त्यांनी वरिष्ठांना तसं कळवलंही होतं. परीक्षा झाली होती, निकालही लागला होता. वरच्यांनी तो मनावर घेतला नाही, एवढंच.

तर परीक्षा हवी आणि तिला माकड लागतं. माकड महाग, दुर्मीळ, आणि डोळ्यांत डोळे घालून बघणारं. यातून वाट निघाली ती एका साध्या प्रश्नातून. पोलिओ उंदराला का होत नाही?

विषाणू म्हणजे बंद पाकिटातलं पत्र समजा. पाकीट प्रथिनांचं आणि आतल्या पत्रात एकच मजकूर, ‘माझ्यासारखी आणखी पत्रं छाप.’ पेशीत शिरलं की पेशी बिचारी आपलं काम सोडून तीच पत्रं छापत बसते. उंदराच्या पेशीत हे घडत नाही. मग अडचण कुठं आहे? छापखान्यात, की दारात? १९५९ साली अमेरिकेत जॉन हॉलंड आणि लेरॉय मॅकलॅरेन यांच्या गटाने पाकीट फोडलं आणि नुसतं आतलं पत्र, म्हणजे विषाणूचं आरएनए, माणसाखेरीज इतर प्राण्यांच्या पेशींत शिरवलं. त्यांत उंदराच्याही पेशी होत्या. आणि त्या पेशींनी मुकाट्याने नवे विषाणू बनवून दिले! पण ते नवे विषाणू पाकिटासह बाहेर पडले आणि शेजारच्या पेशीपाशी अडून बसले. म्हणजे छापखाना चालू होता. नव्हतं ते दार. मला विचाराल तर या सगळ्या गोष्टीतला सर्वांत देखणा प्रयोग हाच. त्याला ना मोठं यंत्र लागलं, ना कोट्यवधींचा खर्च.

दार शोधायला पुढची तीस वर्षं गेली. १९७४ साली उंदीर आणि माणूस यांच्या पेशी एकत्र करून केलेल्या संकरित पेशींवरून एवढं कळलं की, दाराचा नकाशा माणसाच्या एकोणिसाव्या गुणसूत्रावर आहे. तो ज्या पेशीत असेल तिला पोलिओ होतो, तो गळून पडला की होत नाही. मग १९८९ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातले व्हिन्सेंट रॅकानिएलो आणि त्यांची विद्यार्थिनी कॅथी मेंडेलसन यांनी एकार्ड विमर यांच्यासोबत ते जनुकच हुडकून काढलं. त्या जनुकापासून पेशीच्या पृष्ठभागावर एक प्रथिन तयार होतं आणि विषाणू नेमका त्यालाच चिकटतो. हे दार पोलिओसाठी बांधलेलं नाही, हे लक्षात ठेवा. पेशींनी एकमेकींना धरून राहावं, शरीराच्या संरक्षक पेशींशी बोलावं, अशी त्याची रोजची कामं आहेत. विषाणूला ते आयतं सापडलं.

जनुक हाती आलं. आता ते उंदराला द्यायचं. हे तंत्र तेव्हा दहाएक वर्षांचं झालं होतं आणि ते वाचताना मला सोनारकाम आठवलं. नर-मादी एकत्र ठेवतात आणि दुसऱ्या दिवशी मादीच्या शरीरातून नुकती फळलेली बीजं काढून घेतात. बीज फळलं तरी काही तास आईकडचं केंद्र आणि बापाकडचं केंद्र आत वेगवेगळी दिसतात, एकजीव व्हायची असतात. त्याच अवधीत सूक्ष्मदर्शकाखाली केसाहून बारीक काचेच्या सुईने त्यातल्या एका केंद्रात माणसाच्या जनुकाच्या प्रती सोडतात. केंद्र किंचित फुगलं की समजायचं, सुई बरोबर पोचली. मग ही बीजं दुसऱ्या मादीच्या पोटात ठेवतात. तीन आठवड्यांत पिल्लं होतात. त्यांच्या शेपटीचा शेंडा घेऊन तपासलं की कळतं, कुणात जनुक उतरलं आणि कुणात नाही. बहुतेकांत नसतंच. ज्यांच्यात असतं, त्यांच्यात ते कुठल्या गुणसूत्रावर जाऊन बसलं हेही नशिबाचं. पण एकदा बसलं आणि बीजपेशींत उतरलं की ते पिढ्यान्‌पिढ्या पुढं जातं. अशा उंदरांना ट्रान्सजेनिक, म्हणजे परकं जनुक धारण केलेले, म्हणतात.

१९९० साली कोलंबियातून असे उंदीर तयार झाल्याचं जाहीर झालं. पुढच्याच वर्षी जपानमध्ये अकिओ नोमोतो आणि सातोशी कोइके यांच्या गटाने स्वतःचे उंदीर बनवले. या उंदरांना पोलिओचा विषाणू टोचला की त्यांचे पाय लुळे पडत होते. मज्जारज्जूच्या कापांतली नासधूस माणसात आणि माकडात दिसते तशीच होती. एका जनुकाने एवढा फरक पडला. जपानी उंदरांतला एक वंश पुढं जगभर गेला. त्याचं नाव टीजी-पीव्हीआर-२१. नाव रुक्ष आहे खरं, पण आपल्या लेकरांच्या थेंबांशी त्याचा संबंध आला.

तो कसा, ते सांगण्यासाठी थेंबांच्या आत डोकवावं लागेल. सेबिन यांच्या लशीतला विषाणू जिवंत असतो, फक्त दुबळा केलेला. तो आतड्यात वाढतो, शरीराला लढायला शिकवतो, मज्जारज्जूकडे मात्र त्याने जायचं नसतं. पोलिओचे तीन प्रकार आहेत. त्यातल्या तिसऱ्या प्रकाराच्या लस-विषाणूचं पाहू. त्याचं सगळं पत्र साधारण ७,४०० अक्षरांचं. ज्या रोगट विषाणूपासून तो बनवला, त्याच्याशी ताडून पाहिलं तर फरक फक्त दहाएक अक्षरांचा. त्यातही दुबळेपणाचा मोठा भार एका अक्षरावर आहे. ते ४७२ क्रमांकाचं. मी आयुष्यभर अक्षरांशी खेळत आलो, एका काना-मात्रेने ओळीचा अर्थ फिरतो हे पाहिलं, पण एका अक्षराने पोराचा पाय जाऊ शकतो ही गोष्ट मला नवीन होती.

कारण विषाणू नकला करताना चुका करतो. कारखान्यात लस वाढवताना ते अक्षर काही विषाणूंत मूळपदावर जातं. थोड्या प्रमाणात ते प्रत्येक बॅचमध्ये असतंच. प्रमाण वाढलं की लस धोक्याची. लस घेतलेल्या बाळाच्या पोटातही हा बदल होतो, पण तोवर बाळाचं शरीर सहसा तयार झालेलं असतं. तरीही लशीमुळेच लुळेपणा येण्याची घटना घडते, साधारण २७ लाख डोसांमागे एक, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. हा आकडा मी लपवत नाही. लपवला की अफवेला घर मिळतं.

माकडांवरची परीक्षा अशी होती. बॅचमधला विषाणू माकडांच्या कंबरेपाशी मज्जारज्जूत टोचायचा, दोन-तीन आठवडे त्यांच्यावर लक्ष ठेवायचं, मग त्यांना मारून मज्जारज्जूचे काप सूक्ष्मदर्शकाखाली वाचायचे. सोबत आणखी माकडांना संदर्भाची, आधीच चोख ठरलेली लस टोचायची आणि दोन्हींची तुलना करायची. एकेका बॅचमागे माकडं डझनाच्या हिशेबात लागत. उंदरावरच्या परीक्षेची रीत तीच, फक्त टोचायची मात्रा इवलीशी आणि मुदत चौदा दिवसांची. रोज पाहायचं, कुणाचा पाय ओढला जातो, कुणाचा पूर्ण गेला. नव्या बॅचच्या उंदरांत लुळेपणा संदर्भाच्या लशीपेक्षा जास्त दिसला, तर ती बॅच बाद.

पण म्हणून लगेच उंदरावर विश्वास टाकला गेला नाही, आणि ते बरंच झालं. १९९३पासून पुढं सहा वर्षं निरनिराळ्या देशांतल्या प्रयोगशाळा त्याच त्या बॅचेस माकडांनाही टोचत होत्या आणि या उंदरांनाही. माकडात नापास झालेली बॅच उंदरातही नापास होते का, पास झालेली पास होते का, हे पुन्हा पुन्हा ताडून पाहिलं. तेव्हा कुठं १९९९ साली जागतिक आरोग्य संघटनेने तिसऱ्या प्रकारच्या लशीसाठी माकडाऐवजी या उंदराची परीक्षा चालेल असं म्हटलं. मागाहून उरलेल्या दोन प्रकारांनाही ती लागू झाली.

‘‘म्हणजे लसीत उंदीर असतो का?’’ असं मला हे सांगताना एकाने विचारलं होतं. नसतो. लस वाढते ती प्रयोगशाळेत जोपासलेल्या पेशींवर. उंदराला टोचतात तो बॅचमधून बाजूला काढलेला नमुना. तो उंदीर बाटलीत जात नाही, आणि त्याचं जनुकही जात नाही. पेपर तपासणारा मास्तर पेपरात नसतो, तसंच हे.

आता या उंदराच्या मर्यादा. त्याला माणसाचं दार मिळालं, माणूसपण मिळालं नाही. माणसाला पोलिओ होतो तो तोंडावाटे, दूषित पाण्यातून, हातांतून. या उंदराला तोंडाने विषाणू दिला तर सहसा काहीच होत नाही. टोचावा लागतो. तेव्हा दार एवढंच कारण नव्हतं. उंदराच्या आतड्याशी आणखी एक पहारेकरी उभा होता. २००५नंतर जपानी संशोधकांनी दाखवून दिलं की तो इंटरफेरॉन नावाच्या संरक्षक रसायनाचा पहारा आहे. त्यांनी या उंदरांत इंटरफेरॉनची हाक ऐकणारं जनुकच बंद पाडलं, तेव्हा तोंडावाटेही लागण झाली. एखादं जनुक असं नेमकं बंद पाडायचं तंत्र शोधणाऱ्या मारिओ कापेकी, मार्टिन एव्हान्स आणि ऑलिव्हर स्मिथिज यांना २००७चं नोबेल मिळालं. पण मला यातून कळलं ते असं की, प्रत्येक उंदीर एकाच प्रश्नाचं उत्तर देतो. ‘ही बॅच मज्जारज्जूला घातक आहे का?’ याचं उत्तर हा उंदीर चांगलं देतो. ‘हे थेंब माझ्या नातवाच्या पोटात काय करतील?’ असं त्याला विचारू नये. वर्तमानपत्रांत ‘उंदरांवर गुणकारी’ अशी बातमी आली की आपण लगेच औषधाच्या दुकानाकडे बघतो, तेव्हा हे आठवावं.

दुसरी भीती जास्त खोल आहे. मघाशी म्हटलं, पोलिओला लपायला दुसरं जनावर नाही, म्हणून तो संपवता येईल. आणि आपणच पोलिओ होऊ शकणारा उंदीर जन्माला घातला! तो पिंजऱ्यातून निसटला, गटारातल्या उंदरांत मिसळला आणि हे जनुक त्यांच्या पिल्लांत पसरलं तर? ज्या रोगाची पाळंमुळं खणत आणली त्याला नवं बीळ मिळेल. ही काळजी कवीची नाही. १९९३ साली जागतिक आरोग्य संघटनेने याच विषयावर बैठक घेऊन असे उंदीर कुणी पाळावेत, कसे कोंडावेत, एका संस्थेने दुसरीला कोणत्या अटींवर द्यावेत याचे नियम सुचवले. पाळणाऱ्याला मोजदाद चोख ठेवावी लागते. आपल्याकडे धान्याच्या गोदामात उंदीर मोजून कुणी ठेवत नाही, इथं ठेवावे लागतात.

माझी एक चुलत बहीण आहे, धाकट्या चाचांची मुलगी. लहानपणी तापानंतर तिचा डावा पाय गेला तो गेलाच. कॅलिपर लावून शिकली, शिक्षिका झाली. हे भाषण लिहिताना मी तिला फोनवर सगळं सांगत होतो. माझी अपेक्षा, ती म्हणेल, बरं झालं. तिने विचारलं, ‘‘त्या उंदरांचे मागचेच पाय जातात का रे?’’ मी म्हणालो, बहुधा मागचे, कारण सुई कंबरेपाशी देतात. ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, ‘‘देताना भूल देतात ना?’’ भूल देतात, हे सांगता आलं म्हणून मला बरं वाटलं.

इंग्रजीत लिहिलेल्या संशोधन निबंधांत प्रयोगाअंती प्राणी मारला असं लिहीत नाहीत, ‘सॅक्रिफाइस’ केला असं लिहितात. मराठीत त्याचं बलिदान होईल, आमच्या घरात कुर्बानी. मला हा शब्द खटकतो. कुर्बानीला देणाऱ्याची नियत लागते, आणि द्यायचं ते त्याला प्रिय असावं लागतं. इथं उंदराला कुणी विचारलेलं नाही आणि तो कुणाचा लाडका नाही. मारला तर मारला म्हणावं. शब्द कडू असला की हात जपून चालतो. तसं जपून चालायचा रस्ता १९५९ सालीच रसेल आणि बर्च या दोन इंग्रज संशोधकांनी सांगून ठेवला आहे. शक्य तिथं प्राण्याऐवजी दुसरं काही वापरा, नाहीतर प्राण्यांची संख्या कमी करा, आणि जे करायचं ते कमीत कमी वेदना देऊन करा. आपल्याकडेही १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली यासाठी समिती आहे आणि प्रत्येक संस्थेला प्रयोगाआधी मंजुरी घ्यावी लागते. माकडाच्या जागी उंदीर आला, यात माकडं वाचली हे खरं. उंदीर मात्र जास्त लागले, हेही खरं. मला हा सौदा मान्य आहे, पण तो सौदाच आहे हे विसरायला मी तयार नाही.

हे सगळं जुन्या काळचं आहे असं कुणाला वाटेल. भारतातला रानटी विषाणूचा शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी पश्चिम बंगालमधल्या हावड्यात सापडला, एक लहान मुलगी. २७ मार्च २०१४ रोजी आपल्याला पोलिओमुक्तीचं प्रमाणपत्र मिळालं. त्याआधीपासून मुंबईच्या सांडपाण्याचे नमुने घेऊन त्यांत विषाणू आहे का, हे परळला हाफकिनच्या आवारातल्या एंटेरोव्हायरस संशोधन केंद्रात तपासलं जात होतं. दुसऱ्या प्रकारचा रानटी विषाणू तर जगातूनच संपला, म्हणून एप्रिल २०१६मध्ये तो प्रकार थेंबांतून काढून टाकला गेला. आणि इथंच त्या सुटलेल्या अक्षरांनी डोकं वर काढलं. जिथं लसीकरण अपुरं, तिथं जुन्या लशीतला दुसऱ्या प्रकारचा विषाणू माणसामाणसांतून फिरत राहिला, बदलत गेला आणि मुलांना लुळं करू लागला. आफ्रिकेत मोठ्या साथी आल्या.

यावर नवी लस करायला घेतली. त्यात अक्षरं अशी बदलली की विषाणूला मूळपदावर जाणं अवघड व्हावं. २०१७ साली बेल्जियममधल्या अँटवर्प इथं त्यासाठी कंटेनरच्या खोल्यांची एक छोटी वसाहतच उभारली. तीस निरोगी प्रौढ स्वयंसेवक पंधरा-पंधराच्या दोन गटांनी तिथं चार आठवडे कोंडून राहिले, थेंब घेतले आणि रोजची विष्ठा तपासायला दिली. त्यांच्या पोटातून फिरून आलेला विषाणू पुन्हा रोगट झाला का, हे कुणाला विचारायचं? तो याच ट्रान्सजेनिक उंदरांना टोचला गेला. जुन्या लशीच्या मानाने लुळेपणा बराच कमी दिसला. मार्च २०२१पासून ही नवी लस आफ्रिकेत वापरात आली, डिसेंबर २०२३मध्ये तिला जागतिक आरोग्य संघटनेची पूर्ण मान्यताही मिळाली. खालांच्या प्रश्नाचं हे आणखी एक उत्तर. पैले किसपे आजमाई? तीस माणसांवर, त्यांनी राजीखुशीने होकार दिल्यावर. आणि उंदरांवर, न विचारता.

रानटी पोलिओ अजून पाकिस्तान आणि अफगाणिस्तानात आहे, म्हणून आपल्याकडचे थेंब चालू आहेत. बॅचेस निघताहेत, तपासल्याही जाताहेत. त्या तपासणीत आता एक तिसरा परीक्षक येऊ घातला आहे. ४७२ क्रमांकाचं अक्षर एका बॅचमधल्या किती विषाणूंत फिरलं आहे, हे थेट मोजण्याची रासायनिक पद्धत बरीच वर्षं वापरात आहे. आता विषाणूंची सगळीच्या सगळी ७,४०० अक्षरं वाचून काढणारी यंत्रं आली आहेत. त्यांच्या वाचनावर कितपत भिस्त ठेवावी, याची पडताळणी निरनिराळ्या देशांतल्या प्रयोगशाळा मिळून करत आहेत, माकड आणि उंदीर यांची केली होती तशीच. त्या यंत्रांना टोचायला कुणी लागत नाही.